मालकाकडं बघणारा नाग

राणी लोहार ऑफिसची पायरी चढून वर आली, तेव्हा नाथाजी खडीसाखर-खोबऱ्याचा डबा उघडून बसले होते. वडूजकडच्या त्यांच्या गावचा सप्ताह कालच उठला होता. काल्याच्या कीर्तनात बुवांनी लावलेली चाल सकाळपासून त्यांच्या ओठावर होती.

"हितं त्या पत्ता काढनाऱ्या बाई कोन?" राणीनं दारातूनच विचारलं.

"मीच. आत या," शिवांजली म्हणाली.

शिवांजली दहा वर्षं फॉरेन्सिक प्रयोगशाळेत होती. नोकरी सोडून तिनं साताऱ्यात हे छोटं तपास कार्यालय थाटलं. नाथाजी पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गाडी चालवणं, चहा सांगणं आणि मॅडमचं बोलणं ऐकून घेणं ही त्यांची कामं. मॅडम काय बोलल्या ते बऱ्याचदा त्यांना दुसऱ्या दिवशी उमगायचं.

नाथाजींनी आधी बाईच्या हातावर प्रसाद ठेवला. तो तोंडात टाकायच्या आधीच राणीला रडू फुटलं.

"माज्या मालकाला पोलिसांनी धरलंय. भाऊसो लोहार, शिराळ्याचा. आमच्या भट्टीच्या आढ्यावर खंजीर घावला म्हनं. दोन्ही अंगाला धार, आन् वर आमच्या घरचा ठसा, नागाचा फडा! उद्या परत कोर्टात उभं करनार. आवं, माज्या मालकानं जन्मात हत्यार केलं न्हाई. चाकू, विळं, कोयतं. पोटाची अवजारं!"

"ठसा खोटा आहे का?"

राणीनं मान खाली घातली. "न्हाई. ठसा आमचाच हाय. तितंच सगळं अडलंय."

शिवांजलीचे डोळे चमकले. नाथाजींना ती चमक ओळखीची होती. पूर्वरंग संपवून बुवा आख्यानाला हात घालतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतही ती दिसते.

"आढं शेवटचं कधी झाडलं होतं?"

"सासूबाई गेल्या नवरात्रात, तिसऱ्या माळेला. तेराव्याच्या दिवशी मीच शिडी लावून सगळी जळमटं काडली. तवा वर काडीसुदीक नव्हती. त्याला आज आठ दिस झालं. परवा पोलिस आलं."

"म्हणजे मधले सहा दिवस. तेवढ्यात भट्टीवर कोण कोण आलं?"

"भट्टी गारच हुती. मालकाचा चुलतभाऊ तानाजी रोजच असतोय, भट्टी दोघांची हाय. पाचगणीचं जयराजशेट तयार चाकू न्यायला आलं. आन् सुभेदारसाहेब समाचाराला आलं. हंबीरराव. मालक अंगनात पाहुन्यांत बसलेलं, ह्या तिघांबिगार भट्टीत कुनी पाऊल टाकलं न्हाई."

---

शिराळ्याच्या रस्त्याला लागल्यावर नाथाजींनी मनातली शंका काढली. "मॅडम, लोहारानं चाकू केला तर गुन्हा कसला? मग घरोघरच्या विळ्यांचं काय?"

"काका, कायदा पात्याची लांबी-रुंदी बघतो, आणि ते कशासाठी केलंय तेही बघतो. पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल, तर ते हत्यारात मोडू शकतं. पण घरकामाचं, शेतीचं, कारखान्याचं अवजार असेल तर त्याला सूट आहे. म्हणून हातभर लांब कोयता शेतकऱ्याच्या खांद्यावर राजरोस चालतो. तेच पातं दोन्हीकडून धार लावून खंजीर केलं, की बनवणं, विकणं, बाळगणं, सगळ्यालाच परवाना विचारला जातो."

"म्हंजी लोखंड तेच, पण रूप पालटलं की गुन्हा?"

"तेच लोखंड," शिवांजली पुटपुटली आणि बराच वेळ खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत राहिली.

पोलिस ठाण्यात उपनिरीक्षक धैर्यशील यांनी खुर्ची दिली. तरुण गडी, बोलायला मोकळा.

"मुद्दाम कुणाला धरलं नाही, मॅडम. गेल्या आठवड्यात आम्ही नोटीस काढली, हद्दीतल्या संग्रहवाल्यांनी लांब पात्यांचे कागद दाखवावेत म्हणून. मग म्हटलं, लोहारांच्या भट्ट्याही बघून घेऊ. तिथं हे सापडलं."

पारदर्शक पिशवीतला खंजीर त्यांनी टेबलावर ठेवला. अकरा इंचांचं सरळ पातं, शिसवी मूठ. मुठीपाशी, पात्याच्या एकाच अंगावर, बोटाच्या पेराएवढा नागाचा फडा.

"ही एका बाजूची धार अशी मुडपलेली कशानं?"

धैर्यशील जरा ओशाळले. "आमचा पराक्रम. पंचनाम्यात 'दोन्ही बाजूंनी धारदार' लिहायचं होतं. शिपायानं पंचांसमोर दोन्ही धारा बाभळीच्या ओंडक्यावर मारून बघितल्या. एक जशीच्या तशी राहिली, दुसरी पत्र्यासारखी वळली."

शिवांजलीनं पिशवीसकट खंजीर धरला. टोक समोर, शाबूत धार खाली, मुडपलेली वर. नाग पात्याच्या उजव्या अंगावर आला. तिनं वहीत तसंच चित्र काढून घेतलं.

"आणि मुठीच्या सांध्यात हे लालसर?"

"रक्त असावं. तपासायला पाठवणार आहे."

नाथाजी खाली वाकले. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी निरखून बघितलं. "साहेब, रक्त न्हवं हे. कडंला पिवळं दिसतंय बघा. हळद-कुंकू हाय. आमच्या टाळांच्या वाट्यांत असंच अडकून बसतं, पूजा झाल्यावर."

"मग बरोबरच आहे," धैर्यशील म्हणाले. "खंडेनवमीला लोहाराच्या घरी हत्यारांची पूजा व्हायचीच."

शिवांजलीनं नाथाजींकडे असं कौतुकानं बघितलं, की त्यांना उगाचच आपण फार मोठं काही केल्यासारखं वाटलं.

कोठडीत भाऊसो गुडघ्यांत मान घालून बसला होता. हातांवर ठिणग्यांचे जुने डाग.

"लोखंड माजं, ठसा माजा," तो म्हणाला. "पन ती वस्तू माजी न्हाई, बाई. मला लांबनंच दावली. मी असलं कवाच केलं न्हाई. लय जनांनी मागून बघितलं."

"कुणी मागितलं?"

"जयराजशेटनं, टुरिस्ट घेत्यात म्हनून. सुभेदारसायबांनी, कपाटात लावायला. दोघांनाबी सांगितलं, कोयता मागा, एका दिसात देतो. खंजीर माज्या ऐरनीवर हुनार न्हाई."

"तुम्ही ठसा कुठं मारता?"

इतक्या वेळात पहिल्यांदाच भाऊसोचा चेहरा उजळला. "ती आमच्या आज्याची रीत. अवजार हातात धरल्यावं नागानं मालकाकडं बघाय पायजे. भाईर तोंड केलं तर त्यो दुसऱ्याला डसंल, असं आजा म्हनायचा. म्हनून मालकाच्या अंगाकडल्या बाजूला ठसा."

"आणि तापलेलं पातं कडक करायला पाणी देताना?"

"कोयत्याच्या धारेलाच पानी देतो, पाठ मऊ ठेवतो. पाठबी कडक केली तर घाव घालताना पातं तुटतंय."

"आढ्यावरचं ते पातं तुम्ही हातात घेतलंत तर कुणासाठी केलं ते सांगाल?"

"दोन्ही अंगाला धार लावल्याली, बाई. आता खालची बाजू कंची आन् वरची कंची? असं धरलं तर नाग हिकडं बघतोय, फिरवलं तर तिकडं. मी काय सांगू?"

---

भट्टीवर तानाजी एकटाच बसला होता. भाता गार, ऐरणीवर धूळ.

"मलाच विचारनार की आता," तो फणकारला. "भाऊ आत गेला तर भट्टी माजी. व्हय, मला येगळी भट्टी पायजे, त्यावरनं भांडलोय बी. पन चुलतीचं तेरावं हुतंय न्हवं तवर भावाला तुरुंगात घालीन व्हय? आमी दोघांनी मिळून खांदा दिलाय."

"खंजीर बघितलात?"

"पंचनाम्याला मला हुबा केलाता. धार वळली तवा मी हासलो, फौजदार चिडलं. कच्चं काम! ज्यानं केलं त्येला पानी द्यायचं ठावंच न्हाई."

"यंदा खंडेनवमीला अवजारांची पूजा केलीत?"

"सुतकात? न्हाई वो. आमी भाऊबंद. दोन्ही घरांत देवाला फूल न्हाई का ऐरनीला कुंकू न्हाई. पयल्यांदाच आमची ऐरन बिनपूजेची ऱ्हायली."

नाथाजींनी डबा पुढं केला. तानाजीनं घाईनं दोन्ही हातांची ओंजळ केली. त्या काळ्या, भेगाळलेल्या ओंजळीत खडीसाखर पांढरीशुभ्र दिसली. हा माणूस चोरटा नसावा, असं नाथाजींच्या मनानं तिथंच ठरवून टाकलं.

परतताना ते कराडजवळ हंबीररावांच्या मळ्यावर थांबले. दोन्ही बाजूंना ऊस, मधे टुमदार बंगला. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, सत्तरीतला ताठ माणूस. नाथाजींनी पाय जुळवून कडक सलाम ठोकला.

"कुठली पलटण?" हंबीररावांनी विचारलं, आणि दोघे पाच मिनिटं जुन्या बराकींत हरवले.

दिवाणखान्यात काचेचं कपाट होतं. आत दोन तलवारी, एक कट्यार, नेपाळी खुकरी, हातानं घडवलेले पंधरा-वीस चाकू. प्रत्येकाखाली चिठ्ठी, आणि लांब पात्यांच्या बाजूला परवान्याची प्रत.

"सगळं कागदोपत्री आहे," हंबीरराव म्हणाले. "भाऊसोसारखा कारागीर जिल्ह्यात नाही. त्याच्यासाठी वकील मी देतो. लागेल तो देतो. पोराला बाहेर काढा."

"तुमच्याकडं त्याचा एखादा कोयता आहे?"

"होता. उसाचं पाचट काढायला सरळ पात्याचा करून घेतला होता. तोडणीवाल्यांनी नेला असेल. हरवला."

"खंडेनवमीला या सगळ्यांची पूजा करता?"

"चार पिढ्यांची रीत आहे. पूजलेलं हत्यार म्हणजे घरातलं माणूस," ते म्हणाले, आणि कपाटाच्या काचेवरून हलकेच हात फिरवला.

निघताना नाथाजींनी प्रसाद दिला. सुभेदारसाहेबांचा डावा हात पुढं आला. मग चटका बसल्यासारखा मागं गेला, आणि उजवा आला. नाथाजींना जरा खटकलं. पण दुःखात माणसाचं भान सुटतं, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

पाचगणीत जयराजच्या दुकानात स्ट्रॉबेरीचा जाम, मध, चपला आणि भाऊसोचे स्वयंपाकाचे चाकू एकाच मांडणीवर होते. जयराज फोनवर. डाव्या हातानं फोन कानाला, उजव्या हातानं गिऱ्हाइकाला चाकू दाखवत तो टोमॅटोचे पातळ काप काढत होता.

"बघा मॅडम, सात इंच," फोन ठेवत तो म्हणाला. "किचन नाइफ. बिल, फोटो, माप, सगळं वेबसाइटवर. खटक्यानं उघडणारे, लांब, दुधारी, काही ठेवत नाही. आता नाही ठेवत."

"पूर्वी मागितले होतेत."

"मागितले. भाऊसोनं कायदा ऐकवला. मग मी वकिलाला विचारलं तर घामच फुटला. कारागीर आत गेला तर माझं अर्धं दुकान रिकामं, मॅडम. मला काय फायदा?"

"भाऊसोचे कोयते घेतलेत कधी?"

"दोन. मागं कुंपणाला टांगलेत. बघा की." दोन्ही कोयते जागेवर होते, गंजून लाल. त्यांच्या मुठींवर खंडेनवमीचं कुंकूही होतं.

प्रसादासाठी त्यानं उजवा हात केला. फोन पुन्हा वाजला, तो डाव्यानं उचलला.

गाडीत नाथाजी म्हणाले, "पूजा दोघांनीबी केलीय, आन् दोघांनीबी खंजीर मागितलेला. माझा जयराजवर वहीम हाय. लय गोड बोलतो."

"काका, आज तुम्ही या तिघांना प्रसाद दिलात. कुणी कसा घेतला, आठवतंय?"

"आठवतंय की. पण त्याचं काय?"

"रात्रभर आठवा," शिवांजली हसून म्हणाली. नाथाजींनी रात्री तिन्ही हात आठवले, आणि तिन्ही हातांसकट झोपी गेले.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीच्या अंगणात सगळे जमले. कोर्टाची वेळ दुपारची होती, म्हणून धैर्यशील भाऊसोला घेऊन आले. राणी उंबऱ्यात. तानाजी भिंतीला टेकून. जयराज घड्याळ बघत. हंबीररावांना मानानं खुर्ची दिलेली.

शिवांजलीनं एक लाकडी पट्टी काढली. तिच्या एका कडेला लाल रेघ, आणि एका अंगावर शाईनं नाग.

"प्रश्न एकच होता," ती म्हणाली. "भाऊसोंनी केला नाही, तर खंजिरावर त्यांचा खरा ठसा आला कुठून? उत्तर धैर्यशीलसाहेबांच्या शिपायानं दिलं. एक धार शाबूत राहिली, दुसरी वळली. म्हणजे एकाच धारेला पाणी दिलं होतं. भाऊसो, असं पाणी कशाला देता?"

"कोयत्याला," भाऊसो म्हणाला, आणि एकदम ताठ झाला. "बाई! कोयता घासून खंजीर केला व्हय?"

"कोयता घासून. मऊ पाठीला धार काढली, ती ओंडक्यावर वळली. शेतीचं अवजार, कायद्यानं सूट असलेलं. कुणीतरी त्याचं रूप पालटलं. आता कुणी? तानाजी लोहार आहेत. त्यांनी केलं असतं तर दुसऱ्या धारेलाही पाणी दिलं असतं. मुठीच्या सांध्यात कुंकू आहे, आणि या दोन्ही घरांत खंडेनवमीला सुतक होतं. म्हणजे खंजिराची पूजा दुसऱ्या घरी झाली, आणि नंतर तो इथं आला."

तानाजीनं नाक ओढलं आणि दुसरीकडे बघितलं.

जयराजचा चेहरा उतरला. "मी पूजा केली हे खरं आहे, पण माझे कोयते तुम्ही बघितलेत!"

"बघितले. पण त्याहून भक्कम पुरावा नागाचा आहे. खंजीर कसाही फिरवता येतो, म्हणून भाऊसोंना नाग कुणाकडं बघतो ते सांगता येईना. पण आता मूळ धार कुठली ते आपल्याला कळलंय. नाथाकाका, ही पट्टी उजव्या हातात धरा. लाल रेघ म्हणजे पाणी दिलेली धार, ती खाली. टोक समोर. नाग माझ्या वहीतल्या चित्राप्रमाणे उजव्या अंगावर. कुणाकडं बघतोय?"

नाथाजींनी बघितलं. "भाईर बघतोय. लोकांकडं."

"आता डाव्या हातात घ्या."

नाथाजींनी हात बदलला. शाईचा नाग त्यांच्या छातीकडे बघत होता. त्याच क्षणी त्यांना कालचा तो हात आठवला, पुढं आलेला, चटका बसल्यासारखा मागं गेलेला. टाळावर टाळ पडावा तसं त्यांच्या डोक्यात लख्ख वाजलं. पट्टी त्यांच्या हातातून निसटली.

"डावखुऱ्याचा कोयता," ते कुजबुजले. त्यांना मान वर करवेना.

मग खुर्ची कुरकुरली.

"वर बघ, हवालदार," हंबीरराव म्हणाले. "तू काही चूक केली नाहीस. लहानपणी आईनं छड्या मारून प्रसादापुरता उजवा हात शिकवला होता. काल विसरलो."

"सायेब, तुमी?" भाऊसोनं विचारलं.

"तू करून देईनास, म्हणून तुझाच कोयता घासून आणला कराडातून. तुझ्या हातचा खंजीर कपाटात हवा होता मला, पोरा. हाव. नवमीला त्याची पूजा केली. मग नोटीस आली. त्याला कागद नव्हता. विहिरीत टाकायला गेलो, आणि पूजलेलं हत्यार हातातून सुटेना. वाटलं, जिथं जन्मलं तिथं ठेवावं. लोहाराच्या आढ्यावर लोखंड कोण बघतंय? भट्ट्याही तपासतील, हे मनात आलं नाही."

"आणि ते सापडल्यावर?" शिवांजलीचा आवाज मऊ होता, पण तिनं प्रश्न सोडला नाही.

"सापडल्यावर वकील देत होतो." म्हातारा हसायला गेला, पण जमलं नाही. "चार पिढ्यांची वर्दी आडवी आली. भाऊसो, तीन रात्री तुझी बायको कशी काढते ते ऐकत होतो आणि गप्प बसलो होतो. लढाईत कधी एवढा भ्यालो नाही."

राणी उंबऱ्यातून उठली. "आवं, सासूबाईंच्या समाचाराला आलासा, डोळं पुसलंसा. आन् त्याच पावली…"

"त्याच पावली," हंबीरराव म्हणाले. ते उठले आणि धैर्यशीलसमोर उभे राहिले. "जबाब लिहून घ्या. पोराला आजच सोडवा."

"आज कोर्टातच अहवाल देतो," धैर्यशील म्हणाले. मग घसा साफ करून पुढं म्हणाले, "तुमच्यावर मात्र गुन्हा नोंदवावा लागेल, साहेब."

"लागणारच. कायदा माझ्याच कपाटावर चिकटवलाय मी, एकेका पात्याखाली."

भाऊसो पुढं झाला. त्यानं जमिनीवर पडलेली पट्टी उचलून ऐरणीवर ठेवली. मग हंबीररावांकडे न बघताच म्हणाला, "सायेब, तुमचा कोयता हरवलाय न्हवं? सुटून आलो की दुसरा करून देतो. पाचट काडायचा. त्याच्याहून लांब काय बी मागायचं न्हाई."

हंबीररावांनी फक्त मान हलवली.

नाथाजी इतका वेळ डबा छातीशी धरून उभे होते. ज्याला सलाम ठोकला, त्याला आता काय द्यावं, हे त्यांना कळत नव्हतं. मग त्यांना बुवांच्या कीर्तनातलं दरवर्षीचं शेवटचं दृश्य आठवलं. काल्याची हंडी फुटली, की बुवा कुणाचा हात कसा आहे ते बघत नाहीत.

त्यांनी झाकण काढलं. आधी भाऊसोला, मग राणीला, तानाजीला, जयराजला प्रसाद दिला. शेवटी ते हंबीररावांसमोर आले. सवयीनं हंबीररावांचा उजवा हात पुढं येऊ लागला.

"ऱ्हाऊ द्या, सायेब," नाथाजी म्हणाले. "तुमचा जो हाय, त्योच हात करा."

हंबीररावांनी डावा हात पुढं केला. नाथाजींनी त्यावर खडीसाखर ठेवली आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली.